वाळवंटातल्या तलावाकाठी

विमान फिनिक्स शहरावर उतरू लागलं की खिडकीतून दोन रंग दिसतात. एक मातीचा, करडा-तांबूस, पार डोंगरांपर्यंत पसरलेला. आणि त्यावर घराघरामागे निळे चौकोन. ते पोहण्याचे तलाव. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं हे शहर सोनोरन वाळवंटात वसलेलं आहे. वर्षाचा सरासरी पाऊस १८ सेंटिमीटर. पुण्यात एकट्या जुलै महिन्यात साधारण तेवढा पडतो. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तिथलं तापमान रोज ४३ अंशांच्या पुढे गेलं होतं.

अशा गावात घरामागे पाणी साठवून त्यात डुंबायचं, ही चैन म्हणायची की गरज, यावर पुष्कळ वाद घालता येईल. पण तलाव आहेत, आणि दरवर्षी नवे होतात, ही वस्तुस्थिती. मी तिथे घरांभोवतालच्या बागा आखून देण्याचं काम करते. चँडलर आणि आसपासच्या गावांत संगणकाच्या चिप बनवण्याच्या उद्योगामुळे अनेक भारतीय कुटुंबं आली, त्यांत मराठीही आहेत. तलाव खोदून झाला, निळ्या टाइल्स बसल्या, की पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘आता याच्या काठाला काय लावायचं?’ आज त्याबद्दल चार गोष्टी सांगणार आहे.

सर्वसाधारण समजूत अशी, की तलाव आहे म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे काठाला काहीही उगवेल. प्रत्यक्षात तलावाचा काठ ही त्या सगळ्या आवारातली सर्वांत अवघड जागा असते. सूर्याचं ऊन वरून येतं ते येतंच. शिवाय ते पाण्यावरून, काँक्रीटच्या फरसबंदीवरून आणि मागच्या विटांच्या भिंतीवरून परावर्तित होऊन पानांच्या खालच्या बाजूलाही लागतं. पश्चिमेला तोंड करून असलेल्या भिंतीपाशी दुपारी चार वाजता उभं राहिलं, तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यात पोरांनी उड्या मारल्या की क्लोरीनचं पाणी उडतं. ते वाळतं आणि क्षार मागे राहतात. मातीही मुळात चुनखडीची. खणायला गेलं की हात-दीड हातावर पांढरा, सिमेंटसारखा कठीण थर लागतो. त्याला तिथे ‘कलिची’ म्हणतात. पहार मारली तर ठिणग्या उडाव्यात असा. तो फोडून पाणी खाली जायला वाट करून दिली नाही, तर झाडाची मुळं बादलीत ठेवल्यासारखी कुजतात. आणि एवढं उन्हाळ्याचं झालं की हिवाळ्यात एखादी रात्र अशी येते की पारा शून्याखाली उतरतो, आणि उन्हात टिकलेली बोगनवेल सकाळी काळी पडलेली दिसते.

रात्रीच्या उष्णतेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २०२३च्या त्या उन्हाळ्यात सग्वारो जातीचे कित्येक निवडुंग कोसळले. सग्वारो म्हणजे दोन्ही हात वर करून उभा असलेला उंच निवडुंग. सिनेमात वाळवंट म्हटलं की तोच दाखवतात. फार हळू वाढतो. पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. वाळवंटातलंच हे झाड वाळवंटातच का पडावं? बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवा आत घेतात. निवडुंग पाणी वाचवण्यासाठी दिवसा रंध्रं बंद ठेवतो आणि रात्री हवा गार झाली की उघडतो. रात्रच गार झाली नाही, तर त्याचा सगळा कारभार अडतो, आणि तो आतून कमकुवत होत जातो. त्या वर्षी शहरात रात्रीदेखील पारा ३२ अंशांच्या खाली येत नव्हता, असे ओळीने अनेक दिवस गेले. तलावाभोवतीची फरसबंदी तर दिवसभराची धग मध्यरात्रीपर्यंत सोडत राहते. म्हणून ‘निवडुंग आहे, काठालाही जगेल’ हा हिशेब चुकतो. काट्यांचा प्रश्न वेगळाच. तलावाकाठी माणसं अनवाणी असतात, ओल्या अंगानं धावतात. तिथे काट्याचं झाड लावणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. ‘चोया’ नावाच्या निवडुंगाचे तुकडे तर नुसता स्पर्श झाला तरी कातडीला चिकटतात आणि काढायला चिमटा लागतो.

आता दुसरी बाजू पाहू. झाडाला तलावापासून जसा त्रास, तसा तलावालाही झाडापासून होतो. पडणारं प्रत्येक पान, पाकळी, शेंग शेवटी पाण्यात जाते. तिथून गाळणीत, आणि गाळणी तुंबली की पंपावर ताण. बोगनवेलीचंच उदाहरण घ्या. तिचा रंग मनात भरतो, ऊन तिला मानवतं, पाणी कमी लागतं. पण ज्याला आपण तिचं फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, कागदासारखी हलकी. वाऱ्याच्या एका झुळकीनं शेकड्यांनी पाण्यावर येतात. बोगनवेल लावायचीच असेल तर आवाराच्या दूरच्या भिंतीला, आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. फिनिक्समध्येही ‘मान्सून’ असतो. शब्दही तोच. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. पाऊस थोडा, पण त्याआधी धुळीच्या भिंती चालून येतात, बहुधा आग्नेयेकडून. ५ जुलै २०११ रोजी असं एक वादळ आलं की शहर दिसेनासं झालं. त्यामुळे तलावाच्या आग्नेयेला पानगळीचं झाड लावू नये, हा माझा पहिला नियम.

सावलीसाठी तिथलं सर्वांत लाडकं झाड म्हणजे पालो व्हर्दे. स्पॅनिशमध्ये ‘हिरवी काठी’. १९५४ पासून ते अ‍ॅरिझोनाचं राज्यवृक्ष आहे. त्याचं खोडच हिरवं असतं, म्हणजे पानं गळली तरी ते सालीतून अन्न तयार करतं. त्याचीच एक भावंडजात, पार्किन्सोनिया, आपल्याकडे कुंपणाला लावलेली पुष्कळांनी पाहिली असेल. टूसॉनजवळच्या अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्यूझियममध्ये तीन जातींच्या संकरातून आलेलं, काटे नसलेलं एक पालो व्हर्दे मिळालं. ते ‘डेझर्ट म्यूझियम’ याच नावानं विकलं जातं. एप्रिलमध्ये ते पिवळ्या फुलांनी असं भरतं की खाली गालिचा होतो. आता हा गालिचा तलावावर पसरावा असं तुम्हाला वाटतं का? नसेल वाटत, तर काठापासून निदान पाच मीटर दूर लावा. त्याची सावली घराच्या पश्चिम भिंतीवर पडेल अशी बेतली, तर घरही गार राहतं.

याच झाडाबद्दल आणखी एक सांगते. लोक प्रेमानं त्याला रोज थोडं थोडं पाणी घालतात. मुळांना वरच पाणी मिळालं की ती खाली कशाला जातील? झाड वर भराभर वाढतं, खाली पाया नसतो, आणि मान्सूनच्या पहिल्या वादळात आडवं होतं. तिथल्याच मेस्कीट या झाडाचं मूळ टूसॉनजवळच्या एका खाणीत ५० मीटरहून अधिक खोल गेलेलं सापडलं होतं. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचीच नातेवाईक. खाली ओल आहे हे कळलं की झाड ती शोधतं. आपण फक्त त्याला तशी सवय लावायची.

मुळांवरून एक आपलं झाड आठवलं. शिसू. फर्निचरची ती काळी शिसवी नव्हे, उत्तर भारतात नदीकाठी होणारा शिसम. फिनिक्सच्या रोपवाटिकांमध्ये तो ‘सिसू’ म्हणून खूप खपला. कारण उघड होतं. लवकर वाढतो, जवळजवळ बारमाही हिरवा, दाट सावली. दहा-बारा वर्षांनी त्याच्या मुळांनी फरसबंदी उचलली, भिंतींना तडे गेले, आणि मुळांतून जागोजागी नवे कोंब वर आले. नदीकाठच्या गाळात पसरायला जन्मलेलं झाड ते. चार भिंतींच्या आत, तलावाला खेटून त्याला बसवलं तर ते जागा शोधणारच. नांदरूकाचंही तेच. हिरवी भिंत हवी म्हणून ते तलावामागे ओळीनं लावतात आणि पुढे मुळांशी भांडत बसतात. ताडवर्गातल्या झाडांची मुळं मात्र दोरीसारखी तंतुमय असतात, ती सहसा फरशी उचलत नाहीत. कॅलिफोर्निया फॅन पाम हा तिथलाच ताड आहे. दरवर्षी जूनच्या आसपास त्याचे फुलांचे तुरे उतरवून घेतले, तर बियांचा कचरा होत नाही. तेवढा खर्च मनात धरूनच तो लावावा.

आता विषाबद्दल. एका मराठी कुटुंबाकडे मी गेले होते. दोन वर्षांची नात, आणि साताऱ्याहून आलेल्या आजी. मागच्या भिंतीला ओळीनं कण्हेर लावायची, हे घरात जवळजवळ ठरलेलं होतं. फिनिक्समध्ये कण्हेर सगळीकडे आहे, रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांतसुद्धा. ऊन, क्षार, दुष्काळ, सगळं सोसते, आणि दोन वर्षांत माणसाच्या वर उंच जाते. आजींना ती वेगळ्याच कारणासाठी हवी होती. म्हणाल्या, ‘अगं, सोमवारी शंकराला पांढरी कण्हेर वाहायची असते. इथं विकत कुठं मिळणार?’

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. पण कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळंच विषारी. त्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरही घातक. मी आजींना विचारलं, ‘गावाकडे कण्हेर कुठे होती?’ ‘परसात, विहिरीपलीकडे.’ ‘आणि रांगती पोरं?’ त्या जरा थांबल्या. ‘पोरांना तिकडं जाऊ देत नव्हतो,’ म्हणाल्या. इथे पोर दिवसातले चार तास त्याच भिंतीपाशी खेळणार होतं, आणि जे दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयात होतं. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बिया त्याहून वाईट. तीही रद्द झाली. शंकासूर तिथे उन्हाळाभर केशरी फुलतो, थंडीत जमिनीपर्यंत वाळतो आणि पुन्हा फुटतो. पण त्याच्याही बिया पोटात जाऊ नयेत, म्हणून तो पुढच्या अंगणात गेला. मागे पूर्वेच्या भिंतीपाशी, दुपारनंतर सावली येते तिथे, मोठ्या कुंडीत मोगरा आला. मोगरा फिनिक्समध्ये चांगला होतो. फक्त दुपारचं ऊन आणि कडाक्याची थंडी यांपासून त्याला जपावं लागतं. ‘मोगराही चालतो की शंकराला,’ असा निर्णय आजींनीच दिला, आणि सुनेनं सुटकेचा श्वास सोडला.

त्याच घरात आणखी एका गोष्टीवर मला अडून बसावं लागलं. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यानुसार ज्या घरी सहा वर्षांखालचं मूल राहतं, तिथे तलावाला अडसर लागतो. त्यासाठी कुंपण घातलं तर ते किमान पाच फूट उंच, आणि त्यावर चढायला पाय ठेवण्याजोगं काही नको. कुंपणाचे मोजमाप लोक पाळतात. मग हौसेनं त्याला लागून मोठी कुंडी ठेवतात किंवा फांद्या खालपासून फुटणारं झुडूप लावतात. मुलाला ती शिडीच. म्हणून कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला गुडघ्याच्या वर जाणारं काही नको, आणि कुंडी तर नकोच. दुसरं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलावाचं सगळं पाणी दिसलं पाहिजे. सुंदर, दाट, फुललेलं झुडूप नेमकं त्या रेषेत आलं तर ते काढायचं. लहान मूल पाण्यात पडतं तेव्हा बहुधा आवाज होत नाही. त्या घरी खिडकीसमोर लावलेली दोन झुडपं आम्ही उपटून कोपऱ्यात हलवली. बाग थोडी बोडकी दिसते, असं घरमालक म्हणाले. दिसू दे.

मधमाश्यांचाही विचार करावा लागतो. वाळवंटात पाणी दिसलं की त्या येणारच. १९९३ पासून अ‍ॅरिझोनात आफ्रिकी संकराच्या, चटकन चिडणाऱ्या मधमाश्या पोहोचल्या आहेत. रोझमेरीसारखी सतत फुलणारी, माश्यांची आवडती झुडपं काठापासून लांब असावीत.

मग काठाला लावायचं तरी काय, असं तुम्ही म्हणाल. यादी वाटते तेवढी छोटी नाही. लाल युक्का नावाचं एक झाड आहे. ते खरं युक्काही नाही. गवतासारखी पण मजबूत पानं, टोकाला काटा नाही, आणि वसंतापासून लालसर फुलांचे उंच दांडे. त्यावर हमिंगबर्ड पक्षी येतात. कचरा जवळजवळ नाही. ऑक्टोपस अगेव्ह हे घायपाताचं भावंड. पानं वळलेली आणि कडेला दाते नाहीत. आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं, पण त्या दांड्यावरच शेकडो पिल्लं देऊन जातं. स्लिपर प्लांटच्या नुसत्या उभ्या मेणचट काड्या असतात. भिंतीसमोर फार देखण्या दिसतात. मात्र तोडल्यावर चीक येतो, तेव्हा ती मुलांच्या हाताबाहेर. टेक्सास सेज हे करड्या पानांचं झुडूप, हवेत दमटपणा आला की एका रात्रीत जांभळं होतं, पाऊस येणार असल्याची वर्दी दिल्यासारखं. ते जरा मागे लावावं, कारण फुलं गळतात. टेकोमाची पिवळी फुलं आपल्याकडेही ओळखीची आहेत. तिथे तो रानात होतो. तोही मागच्या रांगेत.

तिथे एक झाड मात्र हौसेनं लावू नये, ते म्हणजे फाउंटन ग्रास. तुऱ्यांचं मऊ गवत, पाण्याकाठी फार शोभतं. त्याचं बी वाऱ्यानं डोंगरात जातं, तिथे माजतं, वाळतं आणि पेटतं. सोनोरन वाळवंटाला आगीची सवय नाही. जळलेला सग्वारो पुन्हा उभा राहत नाही. आपल्याकडे घाणेरीनं रानांची काय दशा केली ते आठवा. गंमत म्हणजे तीच घाणेरी फिनिक्समध्ये लँटाना म्हणून वाफ्यात लावतात, आणि तिथल्या कोरड्यात ती हद्दीत राहते. झाड चांगलं की वाईट, हे ते कुठे उभं आहे यावर ठरतं. तिची फळं मात्र दोन्हीकडे विषारी.

शेवटी पाणी. फिनिक्सचं पाणी सॉल्ट आणि व्हर्दे या नद्यांतून आणि दूरच्या कोलोरॅडो नदीतून येतं. कोलोरॅडोचं पाणी टूसॉनपर्यंत आणणारा कालवा सुमारे ५४० किलोमीटर लांब आहे, १९९३ साली तो पुरा झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात पहिल्यांदा तुटवडा जाहीर झाला, आणि २०२२ साली अ‍ॅरिझोनाच्या वाट्यातून १८ टक्के पाणी कापलं गेलं. त्याची झळ आधी पोहोचली ती शेतकऱ्यांना. तलावातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाण्याची वाफ होते. ती थोपवायला आच्छादन घालता येतं. झाडांच्या बाबतीत तर आपल्याला सगळंच करता येतं. ठिबक सिंचन आपल्या शेतकऱ्यांना शिकवायची गरज नाही. तिथे त्याला एक सोपा नियम जोडतात, एक-दोन-तीन. जमिनीलगतच्या वनस्पतींसाठी एक फूट, झुडपांसाठी दोन फूट आणि झाडांसाठी तीन फूट खोल पाणी मुरू द्यायचं, आणि मग माती सुकेपर्यंत थांबायचं. किती मुरलं ते लोखंडी सळई खुपसून कळतं. ओल्या मातीत सळई सरळ जाते, कोरडी लागली की अडते. तलावाची गाळणी धुतलेलं पाणी मात्र झाडांना घालू नये. क्षार आणि क्लोरीन दोन्ही त्यात असतात.

रोपं लावायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. हवा निवते, माती अजून कोमट असते, आणि पुढच्या जूनआधी मुळांना सात-आठ महिने मिळतात. विकत घेण्याआधी फिनिक्समधल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये एक चक्कर मारावी. १९३९ पासून ही बाग वाळवंटी झाडांसाठीच उभी आहे, आणि पूर्ण वाढलेलं झाड केवढं होतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. रोपवाटिकेतल्या पिशवीवरून ते कळत नाही. आणि घरी आल्यावर, खड्डा खणण्याआधी, आपल्या तलावाकाठी दोनदा अनवाणी उभं राहावं, एकदा दुपारी चार वाजता आणि एकदा रात्री नऊ वाजता. पायाला जिथे चटका बसतो, तिथे लाल युक्का. जिथे थोडा वेळ उभं राहवतं, तिथे मोगऱ्याची कुंडी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)